सिंधूचं खोटं

"सिंधू तुम्हीच करा," सर फोनवर म्हणाले तेव्हा माझे हात भाकरीच्या पिठात होते आणि मुलीनं फोन माझ्या कानाला धरला होता. मी "बघते" एवढंच म्हटलं.

सरांचा हिशोब सरळ होता. आमची संस्था हौशी. पाच नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन, आणि सांगलीत तो दिवस म्हणजे घरचं कार्य. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' इथंच केलं. नाटककार देवल, खाडिलकर आमच्याच भागातले, बालगंधर्वांचं नागठाणे आमच्याच जिल्ह्यात. त्या आठवड्यात राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या दारूवरच्या संगीत नाटकाचा प्रयोग करायचं ठरलं होतं. सिंधू म्हणजे त्यातल्या दारुड्या सुधाकराची बायको, तिच्या कामाला गाणारी बाई हवी होती. गद्य स्वच्छ आणि दोन महिने संध्याकाळी मोकळी. मी गांधर्वच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिलेल्या, लग्नाआधी दोन संगीत नाटकांत कामं केलेली. बाकी माझ्या घरातलं सरांना काही ठाऊक नव्हतं. ह्यांची दारू सुटून तेव्हा सात वर्षं झाली होती. त्याआधीची अकरा वर्षं आम्ही दोघांनी मिळून ती गावापासून लपवली होती. 'दोघांनी मिळून' हे शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. हे सगळं लिहायला बसले ते त्या शब्दांसाठीच.

नावं कुणाचीच देत नाही. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, तिथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही आणि आडनावं विचारायची नाहीत असा दंडक आहे. मला ती सवय लागली आहे.

माझी आजी 'एकच प्याला'ची भक्त. रेडिओवर सिंधूचं पद लागलं की तिचं लाटणं थांबायचं. पदर डोळ्याला लावायची आणि म्हणायची, "बाई असावी तर अशी." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. ते वाक्य माझ्या अंगात किती खोल गेलंय हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

रात्री ह्यांना विचारलं. वाटलं होतं, नको म्हणतील. हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कर. पाठांतर मी घेतो तुझं."

तालमी श्रावणात सुरू झाल्या, एका शाळेच्या हॉलमध्ये, रोज साडेसात ते दहा. पाऊस जोरात होता. आयर्विन पुलाखाली कृष्णा चढायला लागली की दोन दोन दिवस तालीम बंद व्हायची. पहिले पंधरा दिवस सरांनी एकही पद गाऊ दिलं नाही. पायपेटी कोपऱ्यात झाकून ठेवली. त्यामागचं कारण त्यांनी सांगितलं ते मला फार पटलं. गडकरी 23 जानेवारी 1919 ला सावनेरला वारले. नाटक लिहून झालं होतं, पदं व्हायची होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी नंतर लिहिली आणि गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर चारच आठवड्यांनी, 20 फेब्रुवारीला, बडोद्यात गंधर्व मंडळींनी पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. म्हणजे ज्या पदांवर आजी रडायची ती गडकऱ्यांच्या कानावर कधी पडलीच नाहीत. "आधी गडकऱ्यांची सिंधू शोधा, गाणारी सिंधू नंतर," सर म्हणाले.

गाणं काढून घेतलं तर सिंधूकडे उरतं काय? उरतं ते तिचं झाकणं. सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद जाते, अपमान सहन होत नाही. कारकून तळीराम म्हणतो, एकच प्याला घ्या, सगळं विसराल. तिथून पुढे घर उतरणीला लागतं. भावाला कळू द्यायचं नाही, नणंदेसमोर बोलायचं नाही, दळणं दळून चूल पेटवायची आणि नवऱ्याबद्दल कुणी वावगं बोललं की त्याचं तोंड बंद करायचं. माहेरची माणसं न्यायला येतात तेव्हा ती म्हणते, 'कशि या त्यजूं पदाला'. दुसऱ्या बाजूला तळीरामाची बायको गीता. ती नवऱ्याला तोंडावर फाडफाड बोलते आणि प्रेक्षक हसतात. एवढी वर्षं आपण गीतेला हसलो आणि सिंधूला नमस्कार केला. वाचनाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला हे एकदम दिसलं आणि घशात काहीतरी अडकलं.

ह्यांची सुरुवात अगदी सुधाकरासारखीच. साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला होते. हाताखालचा मुलगा डोक्यावर बसवला, चार माणसांत बोलणी खावी लागली. त्या रात्री बरोबरच्यांनी नेलं. बैठकांमध्ये मी ही गोष्ट इतक्या घरांतून ऐकली आहे की आता मोजत नाही. अपमान, तोटा, मूल जाणं, काहीतरी एक कारण असतं. वर्षभरानं कारण गळून पडतं आणि प्यायची वेळ तेवढी शिल्लक राहते.

माझं काम काय? कारखान्यात फोन करून "ताप आहे" सांगणं. बाटलीवर पेनानं खूण करणं. अर्धी ओतून पाणी भरणं. सासूबाईंना "रात्रपाळी आहे" सांगून त्यांच्या खोलीचं दार ओढून घेणं. एकदा एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात दिसली, 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा'. पुड्या आणल्या. कागदावर ना कारखान्याचं नाव, ना आत काय आहे ते. दोन महिने भाजीत कालवत होते. पुढे व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. डायसल्फिराम नावाचं औषध असतं, त्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचं असतं. न सांगता कुणाच्या ताटात घातलं तर तो जिवाशी खेळ आहे. हे वाचणाऱ्या कुणाच्या डब्यात तशी पुडी असेल तर कृपा करून ती आजच फेकून द्या.

दुसरी चूक याहून मोठी. दीर आणि मी मिळून ह्यांना खोलीत कोंडलं. तीन दिवस दारू नाही मिळाली की सुटेल, असा आमचा समज. पहिल्या दिवशी हात थरथरायला लागले, घामानं गादी भिजली. तिसऱ्या रात्री हे भिंतीवरून मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर मुंगी नव्हती. मला ओळखेनात. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते, माणूस दगावतो." सलाईन, थायमिनची इंजेक्शनं, झोपेची औषधं, पाच दिवस. नाटकात सुधाकर दारू सोडायचं ठरवतो आणि सोडतो. ते वाचताना मला त्या मुंग्या दिसत होत्या.

पाठांतर रात्री अकराला, स्वयंपाकघरात, ओट्याशी दोन स्टुलं टाकून. हे चष्मा लावून संहिता धरायचे आणि सुधाकराची वाक्यं वाचायचे, अगदी सपाट, वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तशी. मी सिंधूची म्हणायचे. सुरुवातीला दोघांनाही अवघड गेलं. मग त्या सपाट आवाजाचीच मला सवय झाली. कधी कधी मध्येच मुलगी पाणी प्यायला यायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि काही न बोलता जायची. ती आता बावीस वर्षांची आहे. तिलाही हे संवाद पाठ होते, फक्त शब्द वेगळे.

एका प्रवेशात सुधाकर दारू सोडून नोकरी शोधायला बाहेर पडतो. ओळखीची, पूर्वीची मानणारी माणसं त्याला दारातून परत लावतात. तो घरी येतो आणि पुन्हा प्याला उचलतो. मित्राला, रामलालला, तो सांगतो की दारू सोडायची खरी वेळ एकच, पहिला प्याला तोंडाला लावण्याआधीची. तिथवर वाचून हे थांबले. चष्मा काढला, तांब्यातलं पाणी भांड्यात न ओतता तसंच वरून प्यायले.

"गडकऱ्यांना हे कुणी सांगितलं?" मला म्हणाले.

केंद्रात पस्तीस दिवस राहून हे परत आले तेव्हाची गोष्ट मला ठाऊक होती. हजर व्हायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. स्टोअरची किल्ली दुसऱ्याकडे दिलेली होती आणि ती परत मिळाली नाही. कुणी वाईट बोललं नाही. चहाला मात्र कुणी बोलावलं नाही. आठ महिन्यांनी हे घसरले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या भाषेत 'स्लिप'. तीन दिवस प्यायले आणि चौथ्या दिवशी स्वतःच्या पायानं बैठकीला गेले. सात वर्षं मोजतो ती त्या चौथ्या दिवसापासून. पण त्या किल्लीचं त्यांना एवढं लागलं होतं हे मला ओट्यापाशी, त्या रात्री कळलं.

आमचा सुधाकर एका पतसंस्थेत नोकरीला, तिशीचा, आयुष्यात बिअरसुद्धा न चाखलेला. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण दारू प्यायल्याचं काम करायचं म्हटलं की झुलायला लागायचा. शब्द ओढायचा, दाराला धडकायचा. तालमीला बसलेली पोरं हसायची. चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी तोंडून निघून गेलं, "अरे, असा नसतो रे तो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी उठून दाखवलं. रोज पिणारा माणूस घरी येतो तेव्हा पडत नाही. न पडण्यासाठी त्याची सगळी शक्ती लागलेली असते. चपला तो नेहमीपेक्षा सरळ लावून ठेवतो, एकीला एक चिकटवून. भिंतीला हात लावत नाही, एक बोट लावतो. कुलपात किल्ली जाईना झाली तर चिडत नाही, किल्ली पुसतो. आणि बोलतो फार गोड. "जेवलीस का?" असं तो विचारतो, आणि त्या गोड आवाजानंच बायकोच्या पोटात खड्डा पडतो, कारण शुद्धीवर असताना हा प्रश्न त्यानं महिन्यात विचारलेला नसतो. मी घरात नुसत्या कानांनी जगत होते. मोरीचं दार बंद झाल्यावर आत बाटलीच्या झाकणाचं कडं तुटतं, 'कट्' असा बारीक आवाज येतो. नळ मोठा सोडलेला असला तरी मला तो ऐकू यायचा. आजही शेजारी कुणी गोळ्यांची बाटली उघडली तर माझी मान वळते.

हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. सरांनी चहा मागवला.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. दुसऱ्या दिवशी साडेसातला हे माझ्याबरोबर हॉलवर आले. सरांना बाजूला घेऊन दोन मिनिटं बोलले आणि त्या मुलासमोर खुर्ची ओढून बसले. "सकाळचा प्याला दाखवतो तुला," म्हणाले. स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरला. खांद्यावरचा पंचा मानेमागून घेतला, एक टोक उजव्या मुठीत पेल्यासकट धरलं, दुसरं टोक डाव्या हातात. मग डावा हात खाली ओढायला लागले, तसा पंचा मानेवरून सरकत गेला आणि उजवा हात पेल्यासकट तोंडापर्यंत चढत गेला. विहिरीवरच्या रहाटासारखा. "नुसत्या हातानं उचलला तर अर्धा सांडतो," ते त्या मुलाला समजावून सांगत होते. "एवढा सांडला की रडू येतं. बायकोला लागलं तरी येत नाही, पण दारू सांडली की येतं. पहिला घोट बहुतेक उलटून पडतो. दुसरा राहतो. तिसऱ्यानंतर हात स्थिर होतो, मग पंचा घडी करून ठेवायचा."

पाण्याचा एक थेंब सांडला नव्हता. हात थरथरत नव्हते, पण सगळ्यांना थरथरलेले दिसले. त्या मुलाचे डोळे भरून आले. हे त्याला म्हणाले, "आणि पहिला प्याला, तळीराम देतो तो, तो मजेनं घेऊ नकोस. औषध घेतोस तसा घे. मला बरं वाटावं म्हणूनच मी घेतला होता."

माझं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती. तो पंचा मी रोज धुतला होता. तो कशासाठी मोरीत जातो ते मला त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग पदं बसवली. पट्टी काळी चार ठरली. पहिल्या दिवशी माझा आवाज पंचमापर्यंत गेला आणि तिथंच चिरला. इतकी वर्षं मी घरात गायलेच नव्हते. 'कशि या त्यजूं' गाताना पेटीवाले काका म्हणायचे, "वहिनी, यात भक्ती आणा." मला भक्ती येत नव्हती, भीती येत होती. मी हे त्यांना सांगितलं. नवऱ्याला सोडून गेलं तर उद्या तो रस्त्यात पडेल, मरेल आणि ते आपल्या माथी येईल, ही भीती. अल-अनॉनमध्ये आम्हाला शिकवतात, त्याची दारू मी लावली नाही, मी ती आवरू शकत नाही आणि मी ती बरी करू शकत नाही. ही संस्था अमेरिकेत 1951 साली लोइस विल्सन यांनी उभी केली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या संस्थापकांपैकी एकाची ती बायको. नवरे आत बैठकीला बसायचे आणि बायका बाहेर ताटकळायच्या, त्यांचं आपापसात बोलणं सुरू झालं, त्यातून हे उभं राहिलं. मला पहिल्या बैठकीला एका ताईंनी नेलं होतं. शाळेचा वर्ग होता, पहिलीतल्या मुलांची ती बुटकी बाकं, त्यावर आम्ही सात बायका गुडघे दुमडून. मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही, नुसती रडले, आणि कुणी मला गप्प केलं नाही. सिंधूला अशी खोली मिळाली असती तर? काकांना म्हटलं, मी हे पद त्या खोलीबाहेरच्या बाईसारखं गाते. ते म्हणाले, "गा, बघू." दुसऱ्या दिवसापासून आवाज लागला.

राहिला शेवटचा अंक. दारूच्या भरात सुधाकराच्या हातून लहान मूल जातं, सिंधूला वर्मी मार बसतो. पोलीस येतात. मरता मरता सिंधू नवऱ्याला वाचवते, दोष त्याच्यावर येऊ देत नाही. मग सुधाकर विषाचा प्याला घेतो. घरच्या पाठांतरात या प्रवेशापाशी आल्यावर ह्यांनी संहिता मिटली आणि म्हणाले, "हा तू तिकडेच कर."

तिकडे मला तो येईना. फौजदार झालेला माणूस विचारायचा आणि माझी दातखीळ बसायची. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. शब्द पाठ होते. सरांना वाटलं भावनेचा भार होतोय. म्हणाले, "रडू येत असेल तर येऊ द्या, प्रेक्षकांनाही रडायचंच असतं तिथे." पण मला रडू येतच नव्हतं.

दारू सुटण्याच्या दोन वर्षं आधी माझं डावं मनगट मोडलं होतं. ह्यांनी मारलं नाही. मी दार अडवून उभी होते, ह्यांनी ढकललं, मी मोरीच्या कट्ट्यावर आपटले. रिक्षानं दवाखान्यात गेलो. आत हिरव्या पडद्यांनी खाटा वेगळ्या केलेल्या होत्या. एक तरुण डॉक्टरबाई होती. तिनं हात बघितला, दंडावरचा वळ बघितला आणि हळूच विचारलं, "कसं झालं?"

मी म्हटलं, "मोरीत पाय घसरला."

"नक्की?"

"हो. साबण होता."

खोटं पक्कं करायला एखादा बारीकसा तपशील लागतो. तो साबण मी किती सहज आणला! मुळीच अडखळले नाही, डोळ्यांत पाणी नव्हतं. उजव्या हातानं पदर सारखा करत मी तिला सांगितलं, वाण्याला यादी सांगावी तसं. तिनं पुन्हा विचारलं नाही. कागदावर लिहून घेतलं.

हे मी सरांना सांगितलं. आमच्या संस्थेतल्या कुणाला मी आपणहून सांगितलेली ही पहिलीच वेळ. सर बराच वेळ पायपेटीच्या कव्हरची नाडी बोटाला गुंडाळत बसले. म्हणाले, "गडकऱ्यांचा शब्द बदलायचा नाही. पण तुम्ही तो डॉक्टरीणबाईंना सांगितला तसा सांगा."

तसा सांगितला. पडलेल्या अवस्थेत पदर सारखा करत, हिशोब दिल्यासारखा. तालमीला त्या क्षणी गीता करणारी मुलगी विंगेत उभी होती. तिनं तोंडावर हात घेतला. माझा आवाज मलाच ओळखू आला.

दिवाळी आटोपली होती. प्रयोगाच्या रात्री तीनेकशे माणसं असतील. नांदी झाली, पहिले दोन अंक छान गेले, तळीरामाला हशे पडले. 'कशि या त्यजूं'ला वन्समोअर आला आणि मी दिला. पुढच्या रांगेत आजीच्या वयाच्या दोन बायका होत्या, त्यांचे पदर आधीपासून तयार होते. सुधाकरानं चपला सरळ लावल्या तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी एकच बाई मोठ्यानं "अगं आई गं" म्हणाली. मला वाटतं, ती आमच्यातली असावी. शेवटच्या अंकात सकाळच्या प्याल्याला उपरणं मानेभोवती आलं आणि थिएटर चिडीचूप झालं. मग फौजदार आला. मी माझं खोटं सांगितलं. पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यापर्यंत गेलेच नाहीत. त्या माझ्याकडे नुसत्या टक लावून बघत होत्या. त्यातली एक मान हलवत होती, नाही नाही अशी.

पडदा पडला. फुलं, फोटो, सरांच्या पाया पडणं. हे कुठे दिसेनात. मुलगी म्हणाली, "बाबा शेवटच्या अंकात उठून गेले." पोटात तो जुना खड्डा पडला. सात वर्षांनंतरही तो तिथेच होता. तोंडाचा रंग न उतरवता, ठिगळाच्या लुगड्यातच मी मागच्या दारानं बाहेर गेले.

हे स्कूटरपाशी उभे होते. जवळ गेल्यावर सवयीनं माझा श्वास आधी वास घेऊन आला. वास नव्हता. ह्यांना ते कळलं असणार, ह्यांना ते नेहमी कळतं.

"मी त्या दिवशी पडद्यामागे होतो," हे म्हणाले.

मला आधी समजेना.

"दवाखान्यात. तुला वाटलं मी रिक्षात बसून राहिलो. मी आत आलो होतो. हिरव्या पडद्याच्या या बाजूला स्टूल होतं, त्यावर बसलो होतो. त्या बाईनं नक्की का विचारलं ते ऐकलं. तू साबण म्हणालीस." थोडं थांबले. "मोरीत साबण नव्हता. संपला होता, तू सकाळीच म्हणाली होतीस आणायला."

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतल्या नवव्या पायरीला हे वही घेऊन माझ्यासमोर बसले होते. ज्यांचं ज्यांचं वाईट केलं त्यांची क्षमा मागायची आणि जमेल ते भरून द्यायचं, अशी ती पायरी. त्या वहीत ढकलल्याचं होतं, मनगटाचं होतं, विकलेल्या पाटल्यांचं होतं. हे नव्हतं.

"मला लाज वाटायला हवी होती," हे म्हणाले. "मला हायसं वाटलं. सुटलो असं वाटलं. तिथून बाहेर आलो आणि संध्याकाळी प्यायलो. तुझ्या त्या शब्दावर मी पुढची दोन वर्षं प्यायलो गं."

आतून सेट उतरवल्याचे हातोडे ऐकू येत होते. माझ्या तोंडावरचा रंग घामानं ओघळून मानेत उतरत होता. ह्यांनी खिशातला रुमाल पुढे केला. मी तो घेतला, पण तोंड पुसलं नाही.

मी म्हटलं, "मलाही एक सांगायचंय. कुणालाच सांगितलेलं नाही, बैठकीतसुद्धा नाही."

"सांग."

"त्या डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं ना, तेव्हा माझा हात इतका दुखत होता, आणि मला आजी आठवली. मला वाटलं, आजीनं आता मला पाहायला हवं होतं. मला अभिमान वाटला हो माझा."

मुलगी पिशव्या घेऊन दारात येऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती जवळ आली, रुमाल माझ्या हातातून काढून घेतला आणि स्कूटरच्या आरशापाशी मला वळवून माझं तोंड पुसायला लागली.